गळालेलें अक्षर

यंदाच्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांत एक चमत्कारिक सांथ पसरली. मराठीचा तास चालू असावा, बाहेर झड लागलेली असावी, आणि मागच्या बांकावरून पेन्सिलीचा आवाज यावा: टक्, टक्‌-टक्. आम्हीं मान वर केली कीं आवाज बंद. फळ्याकडे वळलों कीं पुन्हां सुरू. आणि आतां तो खिडकीजवळच्या बांकावरून, जणूं पहिल्यास कोणी उत्तरच देत आहे. चवथ्या दिवशीं एक चिठ्ठी आमच्या हातीं लागली. तिच्यावर एकहि अक्षर नव्हतें. तीन ओळी भरून नुसतीं टिंबें आणि रेघा.

शिक्षकानें वर्गासमोर आपलें अज्ञान प्रकट करूं नये असा एक जुना संकेत आहे. त्यास अनुसरून आम्हीं ती चिठ्ठी गंभीर मुद्रेनें वाचल्यासारखें केलें, ‘ठीक आहे’ असें म्हटलें, आणि ती खिशांत टाकली. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मोर्सच्या लिपीचा तक्ता पुढें घेऊन ती सोडवावयास बसलों. पाऊण तास गेला. एकेक टिंब मोजून अखेर जें वाक्य हातीं आलें तें असें: ‘सरांना कळत नाहीं.’ चिठ्ठी लिहिणाराचें विधान सर्वस्वी खरें असल्यामुळें त्याला शिक्षा करण्याचा आमचा अधिकार तेथेंच संपला.

दुसऱ्या दिवशीं विचारपूस केली तेव्हां कळलें कीं, मुलांनीं यांतलें फारसें कांहीं शिकलेलें नव्हतें. मोबाइलमध्यें शब्द घालावा, यंत्रानें क्षणार्धांत त्याचीं टिंबें व रेघा करून द्याव्या, आणि यांनीं त्या कागदावर उतरवून घ्याव्या, एवढाच तो उद्योग होता. आम्हीं एक अट घातली. हा खेळ मराठीच्या तासाला नव्हे, तर शनिवारीं शाळा सुटल्यावर अर्धा तास चालावा. यंत्र घरीं राहावें. आणि प्रत्येकानें आपल्या शब्दाचें मोर्स आपल्या डोक्यानें व आपल्या हातानें करावें. आम्हीहि त्या वर्गांत विद्यार्थी म्हणून बसूं. अशा रीतीनें वयाच्या पंचेचाळिशीनंतर आम्ही पुन्हां मुळाक्षरें गिरवूं लागलों.

ज्याच्या नांवानें ही लिपि ओळखली जाते तो सॅम्युएल मोर्स मूळचा शास्त्रज्ञ नव्हे, चित्रकार. एका अमेरिकन धर्मोपदेशकाचा हा मुलगा. १८२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत तो वॉशिंग्टन येथें लाफायेत या थोर फ्रेंच सेनानीचें चित्र काढण्याच्या कामांत होता. त्याची तरुण पत्नी न्यू हेवन येथें घरीं होती. ती अकस्मात् वारली. वडिलांचें पत्र त्याला मिळालें, तो धांवत घरीं निघाला. परंतु तो पोहोंचला तेव्हां तिचें दफन होऊन गेलेलें होतें. पुढें सात वर्षांनीं, १८३२ सालीं, युरोपांतून परत येत असतां ‘सली’ नांवाच्या जहाजावर विजेच्या चुंबकाविषयीं गोष्टी निघाल्या, आणि विजेच्या साह्यानें दूरवर संदेश पाठवितां येईल ही कल्पना त्याच्या मनानें घेतली. त्या जुन्या दुःखानेंच त्याला ही बुद्धि दिली असें आम्ही ठामपणें म्हणत नाहीं. मात्र बातमी उशिरां पोहोंचणें म्हणजे काय हें त्याला कोणी शिकवावें लागलें नव्हतें, इतकें खरें.

१८४४ सालच्या मे महिन्याच्या २४ तारखेस वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेनें पहिला जाहीर संदेश गेला. तो संदेश शास्त्रांतला आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांना सांगावयास आनंद वाटतो. गणना या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायांत, देवानें केलेलें कृत्य पाहून बलामाच्या तोंडून जो आश्चर्याचा उद्गार निघतो, तोच तो. ॲनी एल्स्वर्थ नांवाच्या एका मुलीनें तो सुचविला होता. आपल्या देशांतहि या विद्येला फार उशीर झाला नाहीं. १८५१ सालीं कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान तार सुरू झाली, आणि आणखी चार वर्षांच्या आंत मुंबई, आग्रा, मद्रास हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं.

लिपीची रचना कशी झाली ती हकीकत तर प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कोणत्या अक्षराला लहान खूण द्यावी आणि कोणत्याला मोठी? मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यानें, असें सांगतात, छापखान्यांत जाऊन खिळ्यांचीं घरें पाहिलीं. ज्या अक्षराची गरज जास्त, त्याचे खिळे जास्त. त्या काळच्या मोजणींत ‘ई’ या इंग्रजी अक्षराचे १२,००० खिळे, ‘टी’चे ९,०००, आणि ‘झेड’चे अवघे २०० आहेत. म्हणून ‘ई’ला एक टिंब मिळालें, ‘टी’ला एक रेघ; आणि जीं अक्षरें क्वचित् लागतात त्यांच्या वांट्याला तीन-तीन, चार-चार खुणांचीं लांबलचक नांवें आलीं. पुढें १८४८ सालीं हाम्बुर्गच्या फ्रीड्रिख गेर्के यानें या लिपींत पुष्कळ सुधारणा केली, आणि तेंच रूप बव्हंशीं आज जगभर रूढ आहे.

टिंब व रेघ यांचें माप ठरलेलें आहे. टिंबाला एक मात्रा धरली तर रेघेला तीन. एका अक्षरांतील दोन खुणांमध्यें एक मात्रा थांबावें, दोन अक्षरांमध्यें तीन मात्रा, आणि दोन शब्दांमध्यें सात. ज्यांनीं वृत्तांच्या मात्रा मोजल्या आहेत अशा मराठी मुलांना हा हिशेब कठीण वाटूं नये. आणि वाटलाहि नाहीं. कठीण वाटलें तें थांबणें. पहिल्या शनिवारीं प्रत्येक जण असा घाईनें ठोकीत सुटला कीं, अक्षरें एकमेकांत मिसळून गेलीं. एक टिंब आणि एक रेघ मिळून ‘ए’ होतो. पण मध्यें जरा अधिक थांबलें तर तेंच ‘ई’ आणि ‘टी’ होतें. म्हणजे जेथें कांहींच वाजत नाहीं ती जागाहि लिपीचाच भाग आहे.

आतां शब्दाचें मोर्स करणें याला भाषांतर म्हणावें काय? आमच्या मराठी समाजांत भाषांतराचें नांव काढलें कीं पंडिता रमाबाईंची आठवण होते. केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध पवित्र शास्त्र मराठींत आणलें. त्या कामांत शब्दाचा अर्थ तोलावा लागतो. मोर्समध्यें अर्थाचा प्रश्नच नाहीं. पाठविणाराला भाषा येत नसली तरी चालतें. प्रथम आम्हांस वाटलें कीं, मग यांत चुकण्यासारखें काय आहे? परंतु आमच्या मराठीला या लिपींत शिरतांना आधीं रोमन अक्षरांच्या दारांतून वांकून जावें लागतें, आणि तेथें तिची पगडी पडते. एका मुलानें समोरच्या बांकावर संदेश पाठविला: खडू मला दे. ‘एम, ए, एल, ए’ हीं चार अक्षरें आलीं. ‘मला’, ‘माला’ आणि ‘मळा’ या तिहींचीं रोमन अक्षरें तींच. घेणारा मुलगा खट्याळ. तो उभा राहून म्हणाला, “सर, हा माझ्याकडे मळा मागतो आहे. मी काय पाटील आहें?” सारा वर्ग हंसला, पण आमच्या ‘ळ’ची आणि आमच्या ऱ्हस्व-दीर्घाची काय वाट लागते तें सर्वांच्या लक्षांत आलें. शिवाय इंग्रजीच्या मापानें शिवलेला हा आंगरखा. रोमन अक्षरांत मराठी लिहिली कीं पावलोंपावलीं ‘ए’ येतो, आणि त्याला टिंब व रेघ दोन्ही खर्चावीं लागतात. जपानी लोकांनीं आपल्या वर्णमालेसाठीं निराळें मोर्स केलें; चिनी लोकांनीं प्रत्येक चित्राक्षराला चार आंकड्यांचा क्रमांक देऊन ते आंकडे पाठविले. आपल्याकडेहि पुढें देवनागरींतून तारा पाठविण्याची सोय झाली. परंतु खेड्यापाड्यांतून बहुतेक तारा इंग्रजींत किंवा रोमन अक्षरांतल्या देशी भाषेंतच जात राहिल्या.

अशाच एका तारेची हकीकत सांगण्यासाठीं हा लेख लिहिण्याचें धैर्य आम्हीं केलें आहे.

१९९२ सालीं आम्ही पंधरा वर्षांचे होतों, आणि जिल्ह्याच्या गांवीं मिशनच्या वसतिगृहांत राहून दहावीचा अभ्यास करीत होतों. आमचें घर दूर खेड्यांत. वडील प्राथमिक शिक्षक. घरीं आई, धाकटी बहीण आणि आजी. आम्हांस वाढविलें तें मुख्यतः आजीनें. आई शेतावर जाई. आजी आम्हांस पाटीवर ‘ग’ काढून देई, आणि रात्रीं दिव्याजवळ बसून गीतें म्हणे. तिला वाचतां येत होतें तें चौथीपुरतें. परंतु तिच्या पवित्र शास्त्राची पानें आमच्यापेक्षां अधिक झिजलेलीं होतीं.

जानेवारी महिन्यांतील एका संध्याकाळीं तारवाला आला. वसतिगृहांत तार येणें याचा त्या काळीं एकच अर्थ असे. ‘तार’ हा शब्द ऐकतांच हातांतलीं ताटें खालीं ठेवलीं जात. अधीक्षकांनीं ती उघडली, वाचली, आणि कांहीं न बोलतां आमच्या हातीं दिली. तीन शब्द होते, मराठी भाषा, रोमन अक्षरें: आई गेली ये.

अधीक्षकांनीं प्रवासखर्च दिला. रात्रीच्या एस. टी.त अगदीं शेवटच्या बांकावर आम्ही बसलों. त्या सहा तासांत आम्हीं एकच प्रार्थना केली, आणि ती आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाहीं. ‘देवा, ही तार खोटी असूं दे. आई नको. आईच्या बदल्यांत दुसऱ्या कोणालाहि ने.’ पुन्हां पुन्हां हेंच म्हणत होतों. त्या ‘कोणालाहि’ मध्यें कोण कोण येतें याचा विचार केला नव्हता.

पहांटे गांवांत शिरलों. दारांत कंदील होता, माणसें बसलीं होतीं. आणि आंतून कंदिलाच्या उजेडांत जी बाहेर आली ती आई होती. “आलास, बाळा?” एवढेंच ती म्हणाली. आम्ही तिच्या गळ्यांत पडलों आणि रडलों; परंतु तें रडणें दुःखाचें नव्हतें. आनंदानें आमचे पाय लटपटत होते. तिच्या खांद्यावरून आंत नजर गेली. ओट्याजवळ पांढऱ्या चादरीखालीं आजी होती. आई आमच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाली, “तुझ्यावर तिचा फार जीव होता रे.” तिला वाटलें, आम्ही आजीसाठीं रडत आहों.

मागाहून वडिलांना तार दाखविली. त्यांनीं ती दोनदां वाचली आणि म्हणाले, “मीं तर ‘आजी’ असेंच लिहिलें होतें.” त्यांनीं लिहिलेलीं अक्षरें होतीं ‘ए, ए, जे, आय’, आमच्या हातीं पडलीं तीं ‘ए, ए, आय’. मधला ‘जे’ वाटेंत कोठें तरी गळाला होता. कोठें आणि कोणाच्या हातून, हें आम्हांस कधींच कळलें नाहीं, आणि आम्हीं तें शोधलेंहि नाहीं. दफनविधीच्या वेळीं सर्व जण रडले. आम्हांला मात्र रडूं येईना. आजी गेली त्या सकाळीं आम्हांस आनंद झाला होता. आणि ज्या अदलाबदलीची आम्हीं रात्रभर याचना केली होती तीच झाली आहे, असें त्या वयांत वाटलें. हा कांटा पुष्कळ वर्षें आंत राहिला. पुढें बुद्धीला कळूं लागलें कीं, आमची प्रार्थना निघाली त्याच्या आधींच आजी गेलेली होती. तार म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचा पडसाद. आणि देव मुलाच्या तोंडचे शब्द पकडून सौदा करणारा सावकार नव्हे. बुद्धीला कळलें तरी मनाला पोहोंचावयास वेळ लागला.

आमच्या शनिवारच्या वर्गास आमच्याच मंडळींतील एक निवृत्त तारबाबू येऊं लागले. वय ऐंशीच्या घरांत, पण बोटें अजून तरुण. त्यांनीं पहिल्याच दिवशीं मुलांचे तक्ते बाजूला ठेवविले. “हें डोळ्यांनीं शिकूं नका, कानांनीं शिका. टिंब आणि रेघ विसरा. डिट आणि डा म्हणा. ‘ए’ म्हणजे डि-डा. कळीवर कोण बसला आहे हें आम्ही त्याच्या हातावरून ओळखत असूं, जसें तुम्ही पावलांच्या आवाजावरून सर आले हें ओळखतां.” त्यांनीं मुलांना संकटाची खूण शिकविली: तीन टिंबें, तीन रेघा, तीन टिंबें. त्या अक्षरांना कांहींहि अर्थ नाहीं. ऐकणाराला चुकतां येऊं नये एवढ्याचसाठीं १९०६ सालच्या बर्लिनच्या परिषदेंत तीं निवडलीं गेलीं, असें आम्हीं त्यांच्या सांगण्यास जोडलें. समुद्रावरील जहाजांनीं १९९९ सालीं ही पद्धति सोडली, आणि आपल्या देशांतील तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बंद झाली. त्या दिवशीं काका तारघरापाशीं जाऊन उभे राहिले होते.

एका शनिवारीं मुलें घरीं गेल्यावर आम्हीं त्यांना ती १९९२ सालची तार सांगितली. त्यांनीं मध्यें कांहीं विचारलें नाहीं. शेवटीं म्हणाले, “जे हें मोठें अक्षर आहे, सर. डि-डा-डा-डा. एवढें मोठें अक्षर ऐकूं न येणें म्हणजे माणूस थकलेला तरी असेल, नाहीं तर लक्ष दुसरीकडे तरी असेल.” थोडा वेळ थांबून ते पुन्हां म्हणाले, “बरोबर पोहोंचलेल्या तारांची बातमी आम्हांला कोणी देत नसे, आणि चुकलेल्यांचीहि नाहीं. माझ्या हातून असे किती जे गळाले असतील तें मला ठाऊक नाहीं.” असें म्हणून त्यांनीं आमच्यापुढें हात जोडले. आम्हांस फार संकोच झाला. त्या हातांचा यांत कांहीं संबंध नव्हता. तरी ते जोडलेले हात पाहून आमच्या आंतलें कांहीं तरी सुटलें, हें आम्हीं कबूल केलें पाहिजे.

पुढच्या शनिवारीं, कारण न सांगतां, आम्हीं वर्गाला एक गणित घातलें. मिनिटाला वीस शब्द या वेगानें तार चालली आहे. शब्द पन्नास मात्रांचा धरतात. तर ‘जे’ हें अक्षर गाळल्यास किती वेळ वांचेल? मुलांनीं फळ्यावर मांडलें. मिनिटाला १,००० मात्रा. म्हणजे एका मात्रेला ०·०६ सेकंद. ‘जे’मध्यें एक टिंब, तीन रेघा आणि मधले तीन खंड मिळून तेरा मात्रा, पुढच्या अक्षरापूर्वींचा खंड तीन मात्रांचा, एकूण सोळा. उत्तर आलें ०·९६ सेकंद. एक सेकंदहि नाहीं. त्या सेकंदाहून लहान अवधींत आमची आजी आमची आई झाली होती, आणि एका मुलाची एक रात्र व पुढचीं कित्येक वर्षें त्या अवधीनें भरून गेलीं होतीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणाला तारमास्तर व्हावयाचें नाहीं. तुमच्या हातांतलें यंत्र अक्षर गाळीत नाहीं, थकत नाहीं, आणि रात्रपाळीला डुलक्या घेत नाहीं. तथापि दुसऱ्याचा शब्द तिसऱ्याकडे पोहोंचविण्याचें काम तुम्हीहि दिवसांतून पन्नासदां करतां. आलेला मजकूर न वाचतांच पुढें धाडतां. परिचारिका डॉक्टरांचा शब्द रोग्याच्या घरच्यांस सांगते, मुलगा बापाचा निरोप शेजारीं नेतो, शिक्षक पुस्तकांतला शब्द मुलांना देतो, उपदेशक तर ज्याचा शब्द नेतो त्याचें नांवहि घ्यावयास आम्ही कचरतों. या सर्वांचा धंदा एकच. शब्द आपला नाहीं. तो कोणाच्या घरीं काय घेऊन जाणार हेंहि आपणांस ठाऊक नाहीं. आपल्या हातीं आहे तें एवढेंच कीं, मिळाला तसा तो पुढें द्यावा, त्यांतलें लांबट, कंटाळवाणें अक्षर न गाळतां, आणि मध्यें जेथें थांबावयाचें तेथें थांबून. लहान गोष्टींतील विश्वासूपणाविषयीं प्रभूनें जें शिकविलें आहे तें तुम्हांस पाठ आहे. आम्हांसहि पाठ होतें. त्याचा अर्थ मात्र नववीच्या वर्गानें, पेन्सिलीच्या टकटकीनें, आम्हांस यंदा नव्यानें शिकविला.

आमची आई अद्याप हयात आहे, आणि आमच्याजवळच असते. त्या पहांटे तिच्या गळ्यांत पडून आम्ही कशासाठीं रडलों हें तिला आजवर ठाऊक नाहीं. हें वार्षिक छापून हातीं आलें म्हणजे हा लेख आम्ही तिला वाचून दाखवूं. तिला कमी ऐकूं येतें. त्यामुळें सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचावा लागेल. चिठ्ठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासहि एवढें कळवितों कीं, सरांना आतां थोडें थोडें कळूं लागलें आहे.